‘इंग्लिश’ पोराची पंगत

डोळे उघडायच्या आधी तुमचं नाकच जागं होतं. ओलं शेण, घोड्याचा घाम, आणि शेजारच्या शेडमध्ये वाळत टांगलेल्या तंबाखूचा कडवट दर्प. पेनसिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी, १९६० च्या दशकातला घामट रविवार, आणि तुमचं वय दहा. शेजारचा मित्र आमिश, म्हणजे रेडिओसारख्या आधुनिक गोष्टींपासून चार हात लांब राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातला. त्याने तुम्हाला प्रार्थनेला ओढून आणलंय. इथे तुम्ही ‘इंग्लिश’ बरं का! हो, पिठलं-भाकरीवर वाढलेले तुम्हीच. जो आमिश नाही, तो यांच्या लेखी इंग्लिश. वाद घालू नका, हरालच.

देवळाची इमारत यांच्याकडे नसतेच. एकेका रविवारी एकेकाच्या घरी मंडळी जमतात आणि बाकडी घोडागाडीतून येतात. आज जागा कोठारात. खाली गोठा, त्यामुळे फळ्यांच्या फटींतून मधूनच एखादी गाय हंबरून साथ देते. बाकड्यांना पाठ नाही आणि बैठक तीन तासांची! एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. दुसरं स्तोत्र चालू आहे. कडवी चारच, पण एकेक अक्षर असं ताणतात की वीसेक मिनिटं सहज जातात. इतक्यात मित्र कोपराने ढोसतो. समोरच्या आजोबांची मान कलंडलीय. मिशी सफाचट, नुसती दाढी छातीवर टेकलेली. हसू दाबून तुमच्या बरगड्या दुखू लागतात.

सुटलात एकदाचे. तीच बाकडी जोडून टेबलं होतात आणि बसते चक्क पंगत! आधी थोरली माणसं, मग पोरंटोरं. घरचा पाव, बीटाचं लालभडक लोणचं, सुकवलेल्या सफरचंदांचा स्निट्झ पाय. वाढणाऱ्या काकूंच्या झग्याला बटण नाही, सगळा कारभार टाचण्यांवर. कडेवरच्या बाळाला त्या कशा टोचत नाहीत कोण जाणे.

पोट तडस लागेस्तोवर भरलं की मित्राचा थोरला भाऊ तुम्हाला खुणेने तबेल्यात नेतो. ओटच्या पेटीत हात घालून काढतो... ट्रान्झिस्टर! बेसबॉलची कॉमेंटरी खरखरते. तिघं डोकी जोडून ऐकताय, तोच दारात सावली पडते. वडील! ट्रान्झिस्टर ओटमध्ये गडप, पण आवाज बंद करायचं राहिलं.

वडील तुमच्याकडे बघतही नाहीत. घोड्याजवळ जातात, नीट बांधलेला पट्टा सोडतात, पुन्हा बांधतात. पुन्हा सोडतात. बराच वेळ.