इंड म्हणजे हिंद नव्हे

लक्ष्मीपूजनाला आजीचा डबा उघडला की शिरूर-दौंडकडच्या घरांत ताम्हनात पडतात ते बहुतेक राणीछाप रुपये. एखाद्या घरात मात्र त्यांच्यात एक थोराड नाणं निघतं. त्याच्याशेजारी रुपया धाकट्या भावासारखा दिसतो. त्यावर मुंडावळ्यांसारखी पानं बांधलेला, लांब नाकाचा राजा आणि रोमन अक्षरं. घरातलं शिकलेलं कुणीतरी ‘हिस्पॅन एट इंड रेक्स’ वाचतं आणि ठरवून टाकतं : इंड, म्हणजे हिंदुस्थानचा राजा, म्हणजे कंपनी सरकारचं नाणं!

गल्लत इथंच होते. ही ‘इंड’ म्हणजे स्पेनच्या ताब्यातली अमेरिका. कोलंबसाची चूक स्पेनच्या टाकसाळींनी तीनशे वर्षं चांदीवर छापली.

हे आठ रियालचं नाणं. ओळखायला आधी काटा घ्यावा. 1835च्या कायद्यानं आलेला रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळा. हे मात्र 27 ग्रॅमचं, सव्वादोन तोळ्यांहून थोडं जास्तच भरतं. मग अक्षरं पाहावीत. ‘एम’च्या डोक्यावर चिमुकला ‘ओ’ असेल तर टाकसाळ मेक्सिकोची. 1732 ते 1772च्या नाण्यांवर राजाचा चेहराच नाही. लाटांवर उभे दोन खांब आणि मध्ये पृथ्वीचे दोन गोल. चेहरा आला तो 1772पासून. तिसरा कार्लोस डिसेंबर 1788मध्ये वारला, पण नव्या राजाचे ठसे समुद्रापलीकडे पोचेपर्यंत अमेरिकेतल्या टाकसाळी नाव नव्याचं आणि तोंड जुन्याचं छापत राहिल्या. असं बेमेळ नाणं दिसलं म्हणून लगेच खोटं म्हणू नये. खोट्याची खूण कडेवर सापडते. चेहऱ्याच्या अस्सल नाण्याच्या कडेवर गोल आणि चौकट आलटून पालटून असतात. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेला पुष्कळदा सांध्याची रेघ दिसते.

पण असं नाणं डब्यात इतकं विरळा का? चांदी तर ढिगानं आली. 1545मध्ये पोतोसीची खाण सापडली, आणि तिथली चांदी युरोपातून तांबड्या समुद्रामार्गे सुरतेला येऊ लागली. इंग्रजांनी 1601च्या पहिल्या सफरीत राणी एलिझाबेथच्या नावाची खास नाणी नेऊन पाहिली, पण पूर्वेकडच्या व्यापाऱ्यांना सवयीचे स्पॅनिश रियालच हवे होते. सुरतेत मात्र परकं नाणं बाजारात सहसा चालत नसे. ते टाकसाळीत जाई, वितळे आणि बादशहाच्या नावाचा रुपया होऊन बाहेर पडे.

सोन्याचं नशीब वेगळं. व्हेनिसचं डुकॅट, साडेतीन ग्रॅमचं, संतापुढे गुडघे टेकलेल्या तिथल्या राज्यप्रमुखासकट आपल्याकडे ‘पुतळी’ झालं आणि माळेत ओवलं गेलं. दागिना झाल्यामुळे ते टिकलं. चांदीचं परकं नाणं मुशीत गेलं.

पेशवाईत रुपयाही एक नव्हता. पुण्याचा अंकुशी वेगळा, सुरती वेगळा. कोणता किती कसाचा हे पोतदार पारखे आणि हलक्या रुपयावर बट्टा कापला जाई. नावाला बट्टा लागतो तो याच व्यवहारातून. कस पाहण्यासाठी मारलेले बारीक ठोके जुन्या रुपयांवर आजही बोटाला लागतात.

शिरूरला, म्हणजे घोडनदीला, 1802च्या वसईच्या तहानंतर इंग्रजांची छावणी पडली. 31 डिसेंबर 1817च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी कोरेगावकडे निघाली ती इथूनच. छावणी म्हटली की पगार आला, आणि पगाराबरोबर रुपया-रुपयातल्या फरकाची कटकटही. 1835चा कायदा ती मिटवायलाच आला. 1878मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली तेव्हा चलनात राणीचा रुपया होता. म्हणून डब्यात तोच जास्त. त्याआधीचा एखादा अंकुशी निघालाच, तर त्यात पोतोसीची चांदी नसेलच असं कुणी सांगावं?

डब्यातलं नाणं चिंचेनं घासायचा मोह मात्र आवरावा. ते ताटासारखं लखलखतं खरं, पण संग्राहक ते बाजूला सारतो. वारशानं आलेल्या नाण्याची गोष्ट निराळी. नांगराला लागलं असेल तर 1878च्याच निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.