घरात भरलेलं गाणं

कोल्हापूरच्या गाण्याची गोष्ट ज्यांच्या नावाशिवाय सुरू होत नाही, त्या अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज आज कुठेच ऐकायला मिळत नाही. शाहू महाराजांच्या दरबारचे हे गवई १९४६ साली मुंबईत वारले. ग्रामोफोन कंपनीची माणसं हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाला आली ती १९०२ मध्ये. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं यंत्र दारात उभं होतं आणि खाँसाहेबांनी त्याला आत घेतलं नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी मात्र तबकड्या दिल्या. त्यातली साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवर चढून अंतराळात गेली. गुरूचा आवाज कोल्हापुरातही उरला नाही आणि शिष्येचा सूर्यमालेच्या पार पोचला, इतका फरक एका होकार-नकाराने पडला.

खाँसाहेबांनी जे नाकारलं ते आज शाहूपुरीतल्या कुठल्याही गल्लीत वरच्या मजल्यावरच्या खोलीत चालतं. एक लॅपटॉप, एक साउंड कार्ड, स्टँडवर माइक, कानाला हेडफोन आणि खिडकीवर गोधडी. शाहूपुरी ही काही निवांत जागा नव्हे. १८९१ साली मिरजेहून रेल्वे आली आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी गुळाची पेठ वसवली, तेव्हापासून इथे गाडी, हमाल आणि हिशेब यांचाच आवाज मोठा. स्टेशन जवळ, एसटी स्टँड जवळ, श्रावणात कुंभार गल्लीत मूर्तिकारांची घाई. अशा ठिकाणी गायचं तर रात्रीचे अकरा वाजून जावे लागतात. या सगळ्याला होम स्टुडिओ म्हणतात आणि ही मोबाइलच्या जमान्यातली टूम आहे असं धरून चालतात. माझं म्हणणं उलट आहे. ध्वनिमुद्रण जन्माला आलं तेच घरगुती म्हणून; मधल्या काही दशकांत ते घराबाहेर गेलं होतं, एवढंच.

एडिसनच्या १८७७ च्या फोनोग्राफला भरणं आणि वाजवणं ही दोन्ही कामं येत. पुढे मेणाच्या नळकांड्या आल्या. कर्ण्यात तोंड घालून बोला किंवा गा, सुई मेणावर रेघ कोरते. नको असेल तर वरचा थर तासून काढा आणि पुन्हा गा. कलकत्त्यात हेमेंद्रमोहन बोस यांनी अशा नळकांड्यांचा धंदाच थाटला, रवींद्रनाथांचा आवाजही त्यांनी भरला. पण नळकांडीच्या नकला काढणं किचकट. बर्लिनरची सपाट तबकडी साच्यातून हजारांनी छापता येई, म्हणून बाजार तिने मारला. तिच्यात एक गोम होती: घरच्या ग्रामोफोनवर ती फक्त ऐकता येई. गाणारा आणि ऐकणारा यांची फारकत तिथे झाली, आणि ती तंत्रापेक्षा व्यापाराने केली.

गंमत म्हणजे ज्याला आपण स्टुडिओ म्हणतो तोही आधी उसनी खोलीच होता. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जानला मुद्रित केलं ते हॉटेलातल्या खोलीत यंत्र मांडून. माइक नव्हताच, १९२५ पर्यंत सगळा कारभार कर्ण्याचा. तान जोरात गेली तर सुई उडायची, म्हणून गाणाऱ्याने मागे सरकायचं. मंद्र सप्तकासाठी पुढे यायचं. तंबोरा जेमतेम उमटे. तबकडीची एक बाजू तीन मिनिटांत संपे. तासभर फुलणारा ख्याल तीन मिनिटांत घालायचा म्हणजे आलाप गेला, विलंबित गेलं, उरली बंदिश आणि चार ताना. खाँसाहेबांच्या नकाराची कारणं लोक नाना तऱ्हांनी सांगतात. ही एक अटसुद्धा मला पुरेशी वाटते. अर्थात त्याच अटीत राहून इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी काय केलं, तेही ऐकावं. त्यांच्या तबकड्यांत वेळ कमी पडला असं कुठे वाटत नाही.

मग बोलपट आला आणि कोल्हापूर स्वतःच मुद्रणाचं गाव झालं. इथल्या प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. गोविंदराव टेंबे त्यात राजा हरिश्चंद्र आणि संगीतकारही तेच. पार्श्वगायनाची सोय अजून नव्हती. कॅमेऱ्यासमोर उभं राहून नटानेच गायचं आणि वादकांनी चौकटीबाहेर दडून साथ करायची. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत 'आलम आरा' या बोलपटाचं चित्रीकरण रात्री करावं लागलं, कारण स्टुडिओशेजारून रेल्वे जात होती. शाहूपुरीतला मुलगा शेवटची गाडी जाण्याची वाट बघत माइक लावतो तेव्हा तो नव्वद वर्षांपूर्वीचीच युक्ती वापरत असतो. पुढे बंद, मऊ भिंतींचे स्टुडिओ झाले आणि गाणं भरणं हे परवानगीचं, पैशाचं आणि ओळखीचं काम झालं. १९५५ साली कोल्हापूरचेच सुधीर फडके पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण गाऊ लागले तेव्हा घराघरात रेडिओ लावून माणसं बसली. वेळ चुकली तर पुढचं प्रसारण गाठायचं; गाणं घरात धरून ठेवायची सोय फार थोड्यांकडे होती.

हे थोडे म्हणजे स्पूलवाले. जड, महागडा टेपरेकॉर्डर असलेला एखादा डॉक्टर, वकील, पेढीवाला. गवई त्याच्या दिवाणखान्यात गायला बसला की कोपऱ्यात दोन चाकं फिरू लागत. केसरबाईंचा मैफल टेप करायला सक्त विरोध, हे सर्वांना ठाऊक आहे. पण सगळेच तसे नव्हते, आणि त्या काळचं ख्यालगायन विस्ताराने कसं गायलं जाई हे आज आपल्याला कळतं ते बरंचसं अशा खासगी स्पूलांमुळे. कंपनीच्या तबकडीत गवयाचा नमुना असे. दिवाणखान्यातल्या फितीत खोकला, चहाची कपबशी, समेवरची दाद यांच्यासह अख्खा गवई सापडतो. मला दुसरा जास्त खरा वाटतो.

फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली आणि श्रीमंतांची ही हौस पुढच्या वीस वर्षांत सगळ्यांची झाली. आखातातून येणाऱ्यांच्या सामानात टू-इन-वन असे. लाल बटण आणि प्ले एकदम दाबायचं, बास. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला अर्धा तास. ख्याल निवांत बसू लागला. वरच्या कडेचे दोन तुकडे मोडले की कॅसेट पुसली जायची भीती नाही, आणि पुन्हा भरायची झाली तर त्या भोकांवर चिकटपट्टी. गावोगाव यादी घेऊन कॅसेट भरून देणारी दुकानं निघाली. भजनी मंडळांनी आपली भजनं टेप केली, शाहिरांनी पोवाडे, आणि चाली बांधणाऱ्यांना तर वरदानच मिळालं. सुचलेला मुखडा नोटेशनमध्ये नीट उतरेलच असं नाही. टेपमध्ये तो अडखळण्यासकट राहतो, आणि पुष्कळदा चालीचं मर्म त्या अडखळण्यातच असतं. सुचणं ही मुळात विसरण्याशी चाललेली शर्यत आहे. कॅसेटने त्या शर्यतीत माणसाला थोडं पुढे काढलं.

या यंत्राचं सर्वांत मोठं काम मात्र गायकांपाशी झालंच नाही. गी पॉयतवॅं आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून अधिक. बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यातल्या कितीतरी प्रत्यक्ष बायांच्या आवाजात मुद्रित झाल्या. तिथे मुद्रणासाठी घर शांत करणं हा प्रश्नच नव्हता. जात्याची घरघर हीच साथ.

इतर देशांतही हाच ओघ होता. १९७९ मध्ये टीअॅक कंपनीचं चार ट्रॅकचं कॅसेट यंत्र आलं: आधी गिटार भरा, मग ते ऐकत गा, मग तिसरा आवाज चढवा. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ च्या सुरुवातीला घरी अशा यंत्रावर गाण्यांचे कच्चे नमुने भरले, स्टुडिओत बँड घेऊन तेच पुन्हा करून पाहिलं, जमेना. शेवटी घरची कॅसेटच 'नेब्रास्का' नावाने बाजारात आली. संगणक आला, २००० मध्ये ऑडॅसिटी हे मुद्रणाचं सॉफ्टवेअर फुकट मिळू लागलं, आणि ट्रॅकची संख्या हा विषयच संपला. उलटं टोकही मराठीतच आहे: 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी थेट हॉलिवूडमध्ये सिंफनी वाद्यवृंद मुद्रित केला. दोन्ही असावं.

आता मोबाइल. त्याचीही अट आहे, फक्त ती दिसत नाही. फोन मूळचा बोलण्यासाठी, त्यामुळे एकसारखा चालणारा बारीक आवाज म्हणजे गोंगाट असं त्यातली प्रणाली धरते आणि तो पुसायला बघते. तंबोरा नेमका तसाच वाजतो! शिवाय हळू गायलेलं ती वर उचलते, जोराचं दाबते, म्हणजे गायकाने जीव ओतून केलेला चढउतार सपाट. कर्ण्याला तंबोरा ऐकू येत नव्हता, फोनला येतो पण तो त्याला केर समजतो. उपाय साधे आहेत. आवाज साफ करण्याची सोय सेटिंगमध्ये असेल तर बंद करा. नसेल तर ती देणारं दुसरं अॅप घ्या. फोन एक-दीड हात लांब, तोंडासमोर नको, किंचित बाजूला. पंखा बंद. खोलीत टाळी वाजवून बघा, घुमली तर गाद्या-गोधड्या आणा. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाटही चालतं. लॅपटॉप असेल तर माइकआधी खोली सुधारा. महागडा माइक वाईट खोली जास्त स्पष्ट ऐकवतो.

आणि नवं भरण्याआधी एक काम. ज्यांच्या घरी माळ्यावर कॅसेटी पडल्या आहेत, त्यांनी या पावसाळ्याआधी त्या काढाव्यात. कोल्हापूरच्या दमटपणात फितीवर पांढरी बुरशी धरते आणि तशीच वाजवली तर फीतही जाते, हेडही. चालू टेपरेकॉर्डर शोधा, त्याच्या हेडफोनच्या भोकातून वायर साउंड कार्डात द्या, एमपी३ नको, वेव्ह फाइल करा. फाइलच्या नावात कोण, कुठे, कोणत्या साली एवढं लिहा. आजीची ओवी असेल, वडिलांचं भजनी मंडळ असेल किंवा कुणा गवयाची बैठक. ती कंपनीने कधीच भरलेली नाही, दुसरी प्रत कुठेही नाही.