नांगर : एक शब्द की दोन?

मंडळी, आपल्या खानदेशाला समुद्र नाही. तापी आहे, गिरणा आहे, पांझरा आहे. तापी इथून वाहत जाते आणि सुरतेपलीकडे समुद्राला मिळते, तेवढाच आपला दर्याशी संबंध. मग जळगावात बसून जहाजाच्या शब्दावर कशाला बोलायचं? तर तो शब्द परवापरवापर्यंत आपल्या गोठ्याशी टेकून उभा होता, म्हणून. तो शब्द म्हणजे नांगर.

नांगर म्हटलं की आपल्याला फाळ, रुमणं आणि जू दिसतं. (आपल्या काळ्या जमिनीत राबता खरा वखराचा, पण मान नांगराला!) मालवणच्या माणसाला मात्र त्याच शब्दाने दोरखंड आणि पाणी दिसतं. ‘जमीन नांगरली’ आणि ‘जहाज नांगरलं’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. एकात हालचाल आहे, दुसऱ्यात थांबणं. मोल्सवर्थच्या कोशात दोन्ही अर्थ एकाच नांगराखाली मिळतात. आता प्रश्न असा, की हा दोन अर्थांचा एक शब्द आहे, की एका उच्चाराचे दोन शब्द?

शेतीचा नांगर जुना आहे. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात, सत्तावन्नाव्या सूक्तात, ‘लांगल’ येतो. पाली आणि प्राकृतात त्याच्या आरंभीच्या ‘ल’चा ‘न’ किंवा ‘ण’ झाला: नंगल, णंगल. आपण शेवटचा ‘ल’ही ‘र’ करून टाकला. पण लांगल तरी आला कुठून? यास्काचार्यांनी निरुक्तात त्याची सांगड लांगूलाशी, म्हणजे शेपटीशी, घातली. नांगराचा लांब मागचा दांडा पाहिला तर कल्पना वाईट नाही. विसाव्या शतकात झां प्रिझलुस्की या फ्रेंच पंडिताने मात्र वेगळी वाट दाखवली. मुंडा आणि ख्मेर कुळांतल्या भाषांत नांगराला मिळतेजुळते शब्द आहेत, तेव्हा हा शब्द संस्कृताने त्या लोकांकडून उचलला, असं त्याचं म्हणणं. प्रबोधचंद्र बागची यांनी १९२९ मध्ये हे लेख इंग्रजीत आणले. आम्हाला हे मत पटतं. वेदातला शब्द वेदाआधीच्या शेतकऱ्याचा असावा, यात वेदाला कमीपणा कसला?

जहाजाचा नांगर अगदी वेगळ्या वाटेने आला. फारसीत त्याला ‘लंगर’ म्हणतात. हिंदीने तो जसाच्या तसा ठेवला. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात आपण जेवतो तो लंगरही उच्चाराने हाच; सूफींच्या खानकाहातल्या अन्नछत्राला फारसीत लंगरच म्हणत. मराठीत आल्यावर त्याच्याही ‘ल’चा ‘न’ झाला. आपल्या जिभेला ही अदलाबदल नवी नाही. उलट दिशेनेही होते: संस्कृत निंब, आपला लिंब.

हा पुरावा पक्का करायचा तर बंगालीकडे जा. तिथे शेतातला ‘लांगल’ आणि नावेचा ‘नोंगर’ असे दोन शब्द आजही वेगळे नांदतात. बंगाल्याने लंगरचा ‘ल’ बदलला, लांगलचा ठेवला. आपण दोन्हीकडे बदलला आणि दोन प्रवासी एकाच घरात आले. म्हणजे उगमाने शब्द दोन.

इथे भाषाशुद्धीवाल्यांची पंचाईत होते, बरं का. फारसी शब्द हाकलायचे म्हटले तर नांगराचा अर्धा भाग हाकलायचा, आणि उरलेला अर्धा तरी ‘शुद्ध’ कुठे आहे? आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, म्हणून भर्तृहरीची आठवण होते. अर्थ बदलला की शब्दही निराळा मानायचा, की एकच शब्द अनेक अर्थ वाहतो? ‘वाक्यपदीया’त त्याने दोन्ही पक्ष मांडले आहेत. व्युत्पत्ती पहिल्या पक्षाला साक्ष देते. पण बोलणाऱ्याचं मन दुसऱ्या पक्षाचं असतं, कारण त्याला दोन्ही वस्तूंत साम्य दिसतं: दोन्ही जमिनीत रुततात.

आणि ते साम्य नुसतं भासमान नाही. सिंधुदुर्ग, विजयदुर्गजवळच्या समुद्रात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना दगडी नांगर मिळाले आहेत. या जातीच्या काही नांगरांत लांबट दगडाला वर दोरासाठी गोल भोक असतं आणि खाली चौकोनी भोकं. त्या खालच्या भोकांत लाकडी दाते बसवत, म्हणजे ते तळाच्या चिखलात रुतावेत. वाऱ्याने जहाज ओढलं गेलं की रुतलेला नांगर तळावर चक्क तास पाडत जातो.

लोखंडाचं म्हणाल, तर १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घेईनात. समुद्रावर लोखंडी नांगर तर कधीचा रुळलेला होता.

पुढे १९३३ मध्ये जेफ्री टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने नौकेसाठी एक हलका नांगर तयार केला. त्याचं पातं हुबेहूब शेतातल्या फाळासारखं, वाळूत घुसून पकड घेणारं. इंग्रजीत त्या जातीला ‘प्लाऊ अँकर’ हे नाव पडलं. आता हे मराठीत आणायचं झालं, तर ‘नांगरासारखा नांगर’ म्हणण्यावाचून आपल्याला गत्यंतर नाही.