काचेच्या पेटीतले दुखणे

कमी दिवसांचे मूल जन्मले की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘बाळाला पेटीत ठेवलंय.’ कुणी ‘काचेत ठेवलंय’ म्हणते. बोलणाऱ्याच्या मनात पेटी म्हणजे ऊब आणि सुरक्षितता. हा समज खोटा नाही. पण पेटीच्या भिंतीला गोल झरोके असतात आणि दिवसभर त्यांतून हात आत जात असतात. टाच टोचून रक्त घ्यायचे, चिकटपट्टी काढायची, नाकातली नळी बदलायची, घशातला स्राव ओढून घ्यायचा, लंगोट बदलायचा, वजन करायचे. ज्या हातांमुळे ते मूल जगते, त्याच हातांनी त्याला दुखतेही. हे दुखणे आधुनिक वैद्यकाला कधी आणि कसे दिसले, याचा हा मागोवा आहे.

ऊब आधी आली

पेटीचा इतिहास कोंबडीच्या अंड्यांपासून सुरू होतो. 1878 च्या सुमारास पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी तिथल्या प्राणिसंग्रहालयात अंडी उबवण्याचे यंत्र पाहिले. ते बनवणाऱ्या ओदिल मार्तँ यांच्याकडून त्यांनी तसेच यंत्र माणसाच्या पिलांसाठी करून घेतले. पॅरिसच्या मातेर्निते रुग्णालयात 1880-81 मध्ये ते बसले. गरम पाण्यावर चालणाऱ्या या पेटीत एका वेळी अनेक बाळे मावत. दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचे मृत्यूचे प्रमाण 66 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर आले, अशी तिथली नोंद आहे.

तार्निए यांचे शिष्य प्येर ब्युदँ यांनी पुढे एक महत्त्वाची गोष्ट हेरली. मूल आईपासून फार दिवस दूर राहिले, तर आईचे मनही त्याच्यापासून दूर जाते. म्हणून त्यांचा आग्रह होता, की आईने अंगावर पाजावे आणि काचेतून मूल तिला दिसत राहावे. पेटीला काच आली त्यामागे आईच्या नजरेचा हा विचारही होता, हे आज कुणाच्या ध्यानातही येत नाही.

पण काचेतून इतरांनाही दिसते. मार्टिन कूनी यांनी अमेरिकेत पेटीतल्या बाळांची प्रदर्शनेच भरवली. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या जत्रेत 1903 ते 1943 अशी चाळीस वर्षे पंचवीस सेंटचे तिकीट काढून लोक ही बाळे बघत. त्या पैशांतून बाळांचा खर्च निघे, आईबापांकडून काही घेतले जात नसे. जत्रेतला तमाशा म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. पण अनेक रुग्णालयांनी आशा सोडलेली मुले तिथे वाचली, हेही खरे.

शिकागोत ज्युलियस हेस या डॉक्टरांनी आणि एव्हलिन लंडीन या परिचारिकेने 1922 पासून मायकेल रीझ रुग्णालयात अशा बाळांचा स्वतंत्र कक्ष चालवला. त्या काळचा मंत्र होता : कमीत कमी हात लावा. हात म्हणजे जंतू आणि हात म्हणजे बाळाचा थकवा, हे त्यामागचे कारण. बाळाला विसावा मिळाला, पण या शिस्तीत आईचा हातही दाराबाहेर राहिला. 1970 मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी आयांना हात धुऊन आत येऊ दिले, बाळांना स्पर्श करू दिला, आणि त्यामुळे जंतुसंसर्ग वाढत नाही असे दाखवले. तोवर अनेक ठिकाणी आईची जागा काचेपलीकडेच होती.

‘त्याला काय कळतंय!’

आता मूळ प्रश्न. या बाळांना दुखते, हे वैद्यकाला ठाऊक नव्हते का?

विसाव्या शतकाचा मोठा भाग डॉक्टरांची समजूत अशी होती, की नवजात बाळाच्या मज्जातंतूंवरचे आवरण अपुरे असते, मेंदू कच्चा असतो, त्यामुळे वेदना त्याला नीटशी जाणवतच नाही. अमेरिकेत मर्टल मॅकग्रॉ यांनी बाळांना टाचणी टोचून केलेली आणि 1941 मध्ये प्रसिद्ध झालेली निरीक्षणे या समजुतीच्या पाठीशी उभी केली गेली. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळ टोचण्याला फारसा प्रतिसाद देत नाही, असे त्यांत दिसले होते. प्रतिसाद कमी म्हणजे वेदना कमी, असे समीकरण मांडले गेले. त्याला दुसरी आणि प्रामाणिक भीती जोडली गेली : एवढ्या नाजूक जिवाला भूल दिली तर तो भुलीनेच जाईल. त्यामुळे कित्येक ठिकाणी अगदी लहान बाळांची शस्त्रक्रिया नाममात्र भुलीवर, स्नायू लुळे करणारे औषध देऊन होत असे. लुळे पडलेले मूल हलत नाही आणि घशात नळी असल्याने रडतही नाही. टेबलाभोवतीच्या लोकांना सारे शांत दिसते.

1985 मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका रुग्णालयात जेफ्री लॉसन नावाच्या, सव्वीस आठवड्यांतच जन्मलेल्या बाळाची हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवरची शस्त्रक्रिया अशाच रीतीने झाली. पुढे काही आठवड्यांत ते बाळ गेले. त्याला फक्त लुळे करणारे औषध दिले होते, वेदनाशामक काहीच दिले नव्हते, हे आईला नंतर चौकशी करताना कळले. जिल लॉसन यांनी डॉक्टरांना, संस्थांना, नियतकालिकांना पत्रे लिहायला सुरुवात केली. 1986 मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने हा विषय छापला आणि वाचकांनी हादरून विचारले : असे खरेच करतात?

त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये कंवलजीत सिंग आनंद हे तरुण डॉक्टर याच प्रश्नावर काम करत होते. इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले. शस्त्रक्रियेहून परतलेली बाळे इतकी ढासळलेली का असतात, हा त्यांचा प्रश्न. जानेवारी 1987 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा अभ्यास आला. जेफ्रीवर झाली त्याच प्रकारची शस्त्रक्रिया लागणाऱ्या अकाली जन्मलेल्या बाळांपैकी काहींना नेहमीच्या औषधांबरोबर फेंटानिल हे प्रभावी वेदनाशामक दिले, काहींना नाही. ज्यांना दिले नाही त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरके आणि साखर जास्त चढली, शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्यांच्यात अधिक झाली. म्हणजे ज्या भीतीपोटी औषध टाळले जात होते, ती उलटी निघाली. सप्टेंबर 1987 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बाळांनाही वेदनाशमन द्यावे, अशी भूमिका जाहीर केली.

आईचे पत्र आणि डॉक्टरचा प्रयोग, दोन्ही लागले. आई जे सांगत होती ते रक्ताच्या तपासणीत उमटेपर्यंत पुरावा मानले गेले नाही, ही गोष्ट मला या इतिहासात सर्वांत जास्त खुपते.

रोजचे टोचणे

शस्त्रक्रियेचा प्रश्न असा मार्गी लागू लागला. पण बहुतेक बाळांवर शस्त्रक्रिया होतच नाही. त्यांच्या वाट्याला येते ते रोजचे टोचणे, ओढणे, उलटेपालटे करणे. त्याचा हिशेब मांडायला आणखी वेळ लागला.

पहिला धागा यंत्राने दिला. कातडीवरून रक्तातला प्राणवायू मोजता येऊ लागल्यावर अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डॉक्टरांनी 1980 मध्ये दाखवले, की बाळाला वारंवार हात लावला की प्राणवायू घसरतो. साधी हाताळणीही फुकट नसते, हे आकड्यांत दिसले.

दुसरा धागा टाचेचा. लंडनच्या मारिया फिट्झजेराल्ड आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये अकाली जन्मलेल्या बाळांच्या टाचांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुन्हा पुन्हा टोचलेली टाच न टोचलेल्या टाचेपेक्षा कितीतरी हलक्या स्पर्शाला पाय आखडून घेत होती. बधिर करणारे मलम लावल्यावर हा फरक ओसरला. बाळ टोचण्याला सरावत नाही. उलट ते अधिक हळवे होते.

पॅरिस परिसरातल्या अतिदक्षता विभागांतला 2008 चा अभ्यास तर मुळातून वाचावा असा आहे. रिकार्दो कार्बाहाल आणि सहकाऱ्यांनी 430 नवजात बाळांवर पहिल्या चौदा दिवसांत झालेली प्रत्येक कृती नोंदवली. एका बाळाच्या वाट्याला साधारणपणे दिवसाला सोळा कृती आल्या, त्यांतल्या दहा दुखवणाऱ्या. दुखवणाऱ्या कृतींपैकी जवळपास 79 टक्क्यांच्या आधी वेदना कमी करणारा कोणताही खास उपाय झाला नव्हता. ‘बाळांना दुखते’ हे मान्य होऊन तेव्हा वीस वर्षे लोटली होती.

कॅनडातल्या लीसा होल्स्टी आणि रूथ ग्रुनाऊ यांचे काम याहून सूक्ष्म. बाळाला सलग झोप मिळावी म्हणून लंगोट, तापमान, तोंड पुसणे ही कामे एकत्र उरकावीत, अशी चांगल्या हेतूची पद्धत रूढ झाली होती. त्यांनी पाहिले, की नुकतेच रक्त घेतलेल्या बाळाला ही साधी कामेही जास्त झोंबतात. कोणते काम कशानंतर करायचे, हाही उपचाराचाच भाग ठरला.

दुपटे, साखर आणि चार हात

मग करायचे काय? प्रत्येक टोचण्याला गुंगीचे औषध देता येत नाही, त्याचे स्वतःचे धोके आहेत. इथे इतिहास औषधांकडून हातांकडे वळतो.

बॉस्टनच्या हायडेलिझ आल्स यांनी 1980 च्या दशकात सांगितले, की हे बाळ हातपायांनी, रंगाने, श्वासाने बोलत असते, ते वाचा आणि मग हात लावा. बोटे फाकली, हात ताठ पसरला, चेहरा फिका पडला, तर थांबा. दुपट्याच्या गुंडाळीचे घरटे करून त्यात बाळाला पोटाशी पाय घेऊन कुशीवर ठेवायचे, ही रीत याच विचारातून पसरली. ब्राझीलमधल्या एका अभ्यासात अशा आधाराने लंगोट बदलतानाचा त्रासही कमी झाला. 1995 मध्ये अमेरिकी परिचारिकांनी दाखवले, की टाच टोचताना दुसऱ्या कुणी बाळाचे हातपाय तळव्यांनी अंगाशी अलगद मिटून धरले, तर ते कमी रडते आणि लवकर शांत होते.

साखरेच्या पाण्याचे दोन थेंब हा दुसरा उपाय. आपल्या भाषेत ‘मधाचे बोट लावणे’ म्हणतात ते अक्षरशः हेच. (खरा मध मात्र तान्ह्या बाळाला देऊ नये, त्यातून घातक जंतुविष होण्याचा धोका असतो.) साखरेने रडणे कमी होते, याचे पुरावे भरपूर आहेत. पण 2010 मध्ये रेबेका स्लेटर आणि लंडनमधल्या सहकाऱ्यांनी बाळांच्या मेंदूतल्या विद्युत लहरी मोजल्या, तेव्हा साखर दिलेल्यांच्या मेंदूतला वेदनेचा प्रतिसाद कमी झालेला दिसला नाही. अभ्यास पूर्ण दिवसांच्या बाळांवरचा होता आणि वाद अजून मिटलेला नाही. तरी शांत दिसणे म्हणजे न दुखणे नव्हे, हा 1985 चा धडा इथे पुन्हा समोर येतो.

तिसरा उपाय गरजेतून आला. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोता शहरात एदगार रे सानाब्रिया या डॉक्टरांकडे बाळे जास्त आणि पेट्या कमी होत्या. त्यांनी बाळ आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधले. ‘कांगारू’ पद्धत ती हीच. 2003 मध्ये कॅनडाच्या सेलेस्ट जॉन्स्टन यांनी दाखवले, की आईच्या छातीशी असताना टाच टोचली तर बाळाची वेदनेची लक्षणे कमी होतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 206 कमी वजनाच्या बाळांवर झालेला कांगारू पद्धतीचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे या बाळांची वाढ अधिक चांगली झाली. 2021 मध्ये दिल्लीच्या सफदरजंगसह आफ्रिकेतल्या चार देशांतल्या रुग्णालयांतून निष्कर्ष आला, की जन्मानंतर लगेच छातीशी घेतल्यास बाळांचे मृत्यूही घटतात : 15.7 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जन्मापासूनच ही पद्धत वापरण्याची शिफारस केली.

2020 मध्ये भारतात सुमारे 30 लाख बाळे अकाली जन्मली, जगातल्या एकूण अशा जन्मांच्या पाचव्या हिश्शाहून अधिक. त्यामुळे हा इतिहास परक्या देशांपुरता राहत नाही. वरच्या उपायांत महागडे काही नाही. दुपटे आहे, दूध आहे, छाती आहे. कमी पडतात ते हात. टाच टोचायला एका माणसाचे दोन हात लागतात, बाळाला मिटून धरायला दुसऱ्या माणसाचे दोन. रात्रपाळीला एकाच सिस्टरकडे अनेक बाळे असतील, तर हे दुसरे दोन हात आणायचे कुठून? ते बहुतेक वेळा दाराबाहेरच्या बाकावर बसलेले असतात. तीन तासांनी वाटीत काढलेले दूध आत पाठवायचे, एवढेच काम त्यांना दिलेले असते. नवजात कक्षात आईला भेटीच्या वेळेपुरते न घेता कामाच्या वेळी आत घ्यावे, आणि बाळाला कसे धरायचे ते सिस्टरने तिला शिकवावे. यासाठी नवे यंत्र लागणार नाही. कक्षात एक खुर्ची आणि नियमांत एक बदल लागेल.