शोकाची कटिंग : मॅक्वीन घराण्याची वाटचाल

मॅक्वीन या फॅशन घराण्याची पहिली मोठी विक्री हप्त्यांवर झाली. 1992 साली लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्स कलाशाळेत ली अलेक्झांडर मॅक्वीन या टॅक्सीचालकाच्या मुलाने एम.ए.साठी कपड्यांचं कलेक्शन सादर केलं. विषय होता जॅक द रिपर हा व्हिक्टोरियन लंडनमधला खुनी आणि त्याने मारलेल्या बायका. फॅशन मासिकांत काम करणाऱ्या इझाबेला ब्लोने ते सगळंच्या सगळं पाच हजार पौंडांना घेतलं आणि पैसे आठवड्याला शंभरप्रमाणे फेडले, असं सांगतात.

त्या कपड्यांत केसांच्या बटा होत्या. सुरुवातीच्या काळात ली स्वतःचे केस पारदर्शक प्लास्टिकमध्ये बंद करून लेबल म्हणून लावत असे. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये गेलेल्या माणसाचे केस लॉकेटमध्ये जपायची रीत होती, विधवेने काळं क्रेप किती काळ नेसायचं याचे नियम होते. आपल्याकडे तेराव्याला गोडाचं जेवण झालं की माणसाने कामाला लागावं, अशी अपेक्षा असते. तिथे शोक बराच काळ अंगावर दिसत राही, आणि शिंप्याचा त्यात मोठा वाटा असे. लीने हा जुना धागा उचलला. मात्र तो उचलण्याआधी त्याने शिवणकाम पक्कं केलं होतं, हे विसरून चालणार नाही. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो सॅव्हिल रो या लंडनमधल्या शिंप्यांच्या रस्त्यावरच्या अँडरसन अँड शेपर्डकडे उमेदवारीला लागला. कोटाची कॉलर, खांदा, अस्तर तिथे शिकला, आणि नंतर नाटकांचे कपडे करणाऱ्या एंजल्स अँड बर्मन्समध्ये जुन्या काळची बेतणी. ‘वेदनेतून कला जन्मते’ हे वाक्य त्याच्याबद्दल फार वापरलं जातं. वेदना पुष्कळांकडे असते; खांदा असा बसवता येणारे मोजकेच.

पुढची काही वर्षं भराभर गेली. 1996 ते 2001 पॅरिसच्या जिव्हाँशी या फॅशन घराण्याची धुरा, 2000 च्या शेवटी गुची समूहाने मॅक्वीन घराण्यात घेतलेला 51 टक्के हिस्सा. घराण्याला पैसा मिळाला. इझाबेलाच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही, आणि ही सल तिने लपवली नाही.

त्याच 2000 च्या सप्टेंबरमधला ‘व्हॉस’ हा शो मला या घराण्याचा खरा आरंभ वाटतो. प्रेक्षक येऊन बसले तर समोर आरशाची एक मोठी पेटी. बराच वेळ काहीच घडेना; फॅशनच्या जगातली बडी मंडळी स्वतःचंच प्रतिबिंब बघत चुळबुळत राहिली. मग आतले दिवे लागले आणि ती वेड्यांच्या इस्पितळाची खोली निघाली. डोक्याला पट्ट्या बांधलेल्या मॉडेल्स काचेशी येत होत्या, त्यांना बाहेरचं दिसत नव्हतं. एका पोशाखाची चोळी सूक्ष्मदर्शकाच्या लाल रंगवलेल्या काचपट्ट्यांची होती आणि खाली शहामृगाची पिसं. शेवटी आतली दुसरी पेटी कोसळली. तिच्यात मिशेल ऑली ही लेखिका नग्न पहुडलेली, तोंडावर मुखवटा, श्वासासाठी नळी आणि सभोवती उडणारे पतंग. कपडे विकायच्या कार्यक्रमात हे करणं धाडसाचं होतं. मला तर तो सरळ प्रेक्षकांवर उगवलेला सूडही वाटतो.

घरातलं दुःख कपड्यांत उघडपणे आलं ते 2007 मध्ये. लीची आई जॉइस कुटुंबाची वंशावळ शोधत असे. 1692 साली अमेरिकेतल्या सेलममध्ये चेटकीण ठरवून फाशी दिलेली एलिझाबेथ हाउ ही आपली पूर्वज, असं तिच्या शोधात निघालं. मार्चमधलं कलेक्शन लीने त्या बाईच्या स्मृतीला वाहिलं. आणि मे महिन्यात इझाबेलाने आयुष्य संपवलं.

ऑक्टोबरमध्ये पॅरिसला झालेला ‘ला दाम ब्ल्यू’ हा शो तिच्यासाठी होता. तिच्या टोप्या करणारा फिलिप ट्रेसी सोबतीला होता. सभागृहात तिचं आवडतं अत्तर दरवळत होतं. पक्ष्यांची पिसं, पंख, ताणलेल्या कमरा, उंच खांदे, सगळा तिचाच थाट. रडवेलं काहीच नव्हतं. आठवणीला माणसाचा आकार देता येतो, त्याचा खांदा, कंबर, टोपी पुन्हा उभी करता येते, हे शिंपीच करू जाणे. त्यानंतर ली दागिने घडवणाऱ्या शॉन लीन या मित्राबरोबर महिनाभर भारतात फिरला. परतल्यावर झाडावर राहणाऱ्या मुलीचं जे कलेक्शन झालं, त्याचा पहिला अर्धा काळा आणि दुसरा लाल-सोनेरी, जडजवाहिरांचा होता.

2 फेब्रुवारी 2010 ला जॉइस गेली. तिच्या अंत्यविधीच्या आदल्या दिवशी, 11 तारखेला, लीने स्वतःचा जीव घेतला. तो चाळीस वर्षांचा होता. या घटनेत कलेचं काही शोधू नये, असं मला ठामपणे वाटतं. तिथे फक्त नुकसान आहे.

कारखान्यात मात्र सोळा पोशाख बरेचसे तयार होते. विद्यार्थिदशेपासून लीबरोबर काम केलेली सारा बर्टन आणि तिचे सहकारी यांनी ते पूर्ण केले आणि मार्चमध्ये पॅरिसच्या एका जुन्या हवेलीत थोड्या-थोड्या लोकांना दाखवले. बॉश, बोत्तिचेल्ली यांच्या चित्रांचे छाप कापडात विणलेले, सोनेरी पिसांचा एक कोट. ज्यांचा माणूस गेला त्यांनीच कच्चे टाके उसवून पक्के घातले. संस्था म्हणून हे घराणं माझ्या लेखी त्या काही आठवड्यांत उभं राहिलं.

मे महिन्यात साराकडे सूत्रं आली. 2011 मध्ये केट मिडलटनचा लग्नाचा पोशाख तिने केला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयातलं ‘सॅव्हेज ब्यूटी’ हे लीच्या कामाचं प्रदर्शन 6,61,509 लोकांनी पाहिलं. 2015 मध्ये तेच प्रदर्शन लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आलं, तेव्हा शेवटच्या दोन शनिवार-रविवारी दारं रात्रभर उघडी ठेवावी लागली. बाजारानेही हात धुऊन घेतले. 2003 सालचा कवटीच्या छापाचा स्कार्फ विमानतळावरच्या दुकानांत पोचला. मृत्यूची खूण इतकी बिनधास्त खपावी, यावर ली बहुधा खो-खो हसला असता.

घराण्याची दुसरी वाट या दुकानांपासून दूर जाते. लीने 2006 मध्येच ‘साराबांद’ नावाचा न्यास स्थापन केला होता आणि मृत्युपत्राने मालमत्तेचा मोठा भाग त्याच्याकडे गेला. 2015 पासून पूर्व लंडनच्या हॅगरस्टन भागात घोड्यांच्या जुन्या तबेल्यात त्याचे स्टुडिओ आहेत. तिथे तरुण कलावंतांना कमी भाड्यात जागा मिळते, शिष्यवृत्त्या मिळतात. क्रेग ग्रीनसारख्या डिझायनरलाही या न्यासाची साथ मिळाली. पैशावाचून हुन्नर मरतो, हे ली पुरतं जाणून होता.

2023 च्या सप्टेंबरमध्ये साराने शेवटचा शो केला. तो अर्पण करताना तिने लीचंही नाव घेतलं. तिच्या जागी आलेल्या शॉन मॅकगिरने लीच्या हाताखाली कधी काम केलेलं नाही. पहिल्या शोवर त्याला भरपूर बोलणी खावी लागली. दुसऱ्या शोमध्ये त्याने बॅन्शीला आणलं. जिच्या आक्रोशावरून घरात मृत्यू येणार हे कळतं, ती ही आयरिश लोककथेतली बाई. 1994 साली लीने याच नावाचं कलेक्शन केलं होतं. पण मॅकगिर डब्लिनचा आहे, त्यामुळे ही रडणारी बाई त्याच्या स्वतःच्या घरातली.