एका टवक्याची गोष्ट

बरेच शनिवार-रविवार रिलीजच्या गडबडीत गेले, त्यामुळे इकडे फिरकलो नाही. आज मात्र एक गोष्ट सांगून टाकायचीच आहे, कारण ती मनात सलतेय.

झालं असं, की मागच्या मे महिन्यात एक्स्प्रेसवेवर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून एक खडा उडाला आणि थेट आमच्या समोरच्या काचेवर आदळला. रुपयाच्या नाण्याहून लहान टवका उडाला, आत चांदणीसारख्या बारीक चिरा. पुण्यात आल्यावर असे टवके भरून देणाऱ्या एका दुकानात गेलो. भर दुपार, गाडी तासभर उन्हात उभी. तिथला पोरगा म्हणाला, "साहेब, काच लय तापलीय. अर्धा तास सावलीत राहू द्या." मला तीन वाजता कॉल होता. म्हटलं, थांबतोय कोण! बाटलीतलं गार पाणी काढलं आणि सरळ काचेवर ओतलं. तो "अहो, नको!" म्हणेपर्यंत बाटली रिकामी.

त्याने काच पुसली, टवका जमेल तितका सुकवला, वर ते स्क्रूवालं यंत्र बसवलं आणि पातळ रेझिन आत ढकलायला लागला. टक् असा आवाज झाला आणि एक रेघ वीतभर पळत काचेच्या कडेला गेली. मी वाट्टेल ते बोललो त्याला. पैसे न देता निघालो.

घरी आलो. राग शांत झाल्यावर इंजिनिअरचा किडा वळवळला. 'रूट कॉज' शोधल्याशिवाय बग बंद करायचा नसतो ना! म्हणून वाचायला बसलो, आणि थेट 1903 सालच्या पॅरिसमध्ये पोचलो.

तिथे एदुआर बेनेडिक्टस नावाचा एक अवलिया होता. रसायनशास्त्रज्ञही आणि चित्रकारही. त्याच्या प्रयोगशाळेत वरच्या फळीवरून एक चंबू खाली पडला. तडकला, पण विखुरला नाही. आत पूर्वी सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण होतं, ते वाळून काचेला आतून पापुद्रा धरला होता. तुकडे त्याला चिकटून राहिले. पुढे मोटारींच्या अपघातांत फुटलेल्या काचांनी माणसं जखमी होतात, हे वाचल्यावर त्याला तो चंबू आठवला, असं तो स्वतः सांगत असे. 1909 मध्ये त्याने पेटंट घेतलं: दोन काचा, मध्ये सेल्युलोजचा पडदा. तीन थर म्हणून नाव ट्रिप्लेक्स. पहिल्या महायुद्धात ही काच गॅस मास्कच्या डोळ्यांना वापरली गेली. 1927 च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या मॉडेल ए मोटारीला समोर अशी सुरक्षित काच होती. सुरुवातीचा पडदा उन्हाने पिवळा पडायचा. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिव्हिनाइल ब्युटिराल आलं आणि ती कटकट मिटली. आजही बहुतेक गाड्यांत तेच असतं.

टवका भरता येतो तो या तीन थरांमुळेच. खड्याने बाहेरची काच फुटते, पडदा आणि आतली काच शाबूत राहतात. चिरांतली हवा ओढून घ्यायची, रेझिन दाबाने भरायचं, अतिनील दिव्याने ते कडक करायचं. रेझिन प्रकाशाला जवळजवळ काचेइतकंच वाकवतं, म्हणून चीर दिसेनाशी होते.

मग बिघडतं कुठे? 1913 मध्ये चार्ल्स इंग्लिस या इंग्रज इंजिनिअरने गणित मांडलं, की ताणलेल्या पत्र्याला गोल भोक असेल तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. तेच भोक लंबगोल असेल, म्हणजे रुंदीच्या दहापट लांब आणि ताणाला आडवं, तर टोकाशी ताण एकवीसपट! चीर म्हणजे तर जवळजवळ शून्य रुंदीचं भोक. पुढे फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातल्या ए. ए. ग्रिफिथने काचेवरच प्रयोग केले आणि 1921 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात कोडं सोडवलं. काच अणूंच्या बंधांच्या हिशेबाने असायला हवी त्याहून कितीतरी कमजोर असते, कारण तिच्यात आधीपासूनच सूक्ष्म चिरा असतात. चीर वाढताना मोकळी होणारी ऊर्जा नवा पृष्ठभाग तयार करायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त झाली, की मग चीर थांबत नाही. ती पळते.

आता माझी बाटली आठवा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं, की वरचा थर आकसू पाहतो, खालचा गरम भाग त्याला आकसू देत नाही. म्हणजे वरचा थर ताणला जातो. टवका नेमका त्याच थरात.

आणि पाण्याचं दुसरं पाप तर मला माहीतच नव्हतं. 1967 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या शेल्डन विडरहॉर्नने दाखवून दिलं, की हवेतली वाफसुद्धा काचेतल्या चिरेची वाढ वेगवान करते. चिरेच्या टोकाशी ताणलेले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध पाणी तोडतं. शिवाय चिरेत पाणी राहिलं तर रेझिनला जागाच उरत नाही.

म्हणजे हिशेब असा: ताण मी दिला, पाणी मी घातलं, घाई माझी. त्या पोराने शेवटचा स्क्रू फिरवला इतकंच. तेवढा दाबही पुरला असणार. आणि तो जे सांगत होता, ते ग्रिफिथच्या समीकरणाशी तंतोतंत जुळणारं होतं. त्याने समीकरण पाहिलं नसेल, काचा पाहिल्या होत्या.

आठवड्याने पुन्हा त्या दुकानात गेलो. मालक म्हणाला, "त्या दिवसाचे पैसे त्याच्याच पगारातून कापले." माझ्या पोटात गोळा आला. मालकासमोर सगळं सांगितलं, पैसे दिले, कापलेले परत करायला लावले. पोरगा फार काही बोलला नाही. नवीन काच बसवली होती मी, तिच्याकडे बघून एवढंच म्हणाला, "आता हिच्यावर गार पाणी नका ओतू."

असो. ऑफिसात कुणी ज्युनिअर "सर, अजून थोडा वेळ द्या" म्हणाला, की हल्ली मी आधी कारण विचारतो.

भेटू पुढच्या शनिवारी.