उकिरड्याची दैना कशी फिटली

बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. आपल्या खानदेशच्या शेजारी मात्र एका उकिरड्याची दैना सात वर्षांतच फिटली. इतिहासाच्या कुठल्याही क्रमिक पुस्तकात मला ही गोष्ट शिकवायला मिळाली नाही, म्हणून आज ती इथे सांगतो.

धुळ्याहून आग्रा रोडने सेंधव्यावरून पुढे गेले की इंदूर. तिथे होळकर संस्थानाच्या जागेवर १९२४ साली एक शेती संशोधन संस्था सुरू झाली. तिचे प्रमुख होते अल्बर्ट हॉवर्ड. हे गृहस्थ १९०५ पासून बिहारात पुसा येथे काम करीत होते. आले होते शिकवायला, पण इथला शेतकरी आणि पिकावरची कीड हेच आपले गुरू, असे ते पुढे मोकळेपणाने सांगत.

इंदूरचा मुख्य विषय कापूस. कापूस वेचून झाला की उरतात पऱ्हाट्या. आपल्याकडे त्या चुलीत जात. हॉवर्डसाहेबांनी त्या रस्त्यावर पसरल्या! येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा आयता चुरा झाला. मग त्यात पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, पाणी शिंपडायचे आणि ढीग तीनदा उलथायचा. तीन महिन्यांत काळेभोर खत तयार. हीच ती ‘इंदूर पद्धत’. १९३१ साली तिच्यावरचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि ही पद्धत जगभर पोचली.

त्या पुस्तकावर दोन नावे आहेत, हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ. हॉवर्ड पुढे ‘सर’ झाले, सेंद्रिय शेतीचे जनक म्हणवले गेले. वाडांचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? ज्या शेतकऱ्यांकडून दोघे शिकले, त्यांची तर नावेच कुठे नाहीत. असो.

सांगायचा मुद्दा असा की, हल्ली ‘सेंद्रिय’ म्हटले की आपण आधी दुकान गाठतो. खताची पिशवी, कोकोपीट, रंगीत कुंड्या... मेथीच्या दोन जुड्या निघेपर्यंत हौस फिटते आणि खिसाही रिकामा होतो. मुळात ही विद्या जन्मली ती टाकून दिलेल्या वस्तूंतून. ती महाग झाली तर तिचा अर्थच उरत नाही.

पेन्शनरालाही परवडेल असा तिचा घरगुती अवतार सांगतो. एका जुन्या पिंपाला भोके पाडा. वाळका पाला, भाजीची देठे-साले, मूठभर माती असे थर द्या. गाय-म्हैस नसली तरी हरकत नाही. कुणाकडून ओंजळभर जुने खत आणा आणि दह्याला विरजण लावतो तसे ते मिसळा. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला ठेवा, पंधरवड्याने उलथा. ढीग लहान असला की फारसा तापत नाही, म्हणून तीन महिन्यांहून थोडा जास्त वेळ धरा. आपल्याकडे वैशाखात ढीग वाळून खडखडीत होतो आणि काम थांबते, तेव्हा वर ओले गोणपाट हवेच.

लावायचे काय? पहिल्या पावसाला गिलके आणि दोडके, पाऊस ओसरला की मेथी, पालक, कोथिंबीर. एक गिलके वेलावरच वाळू द्या. अंग घासायला घासणी मिळेल आणि पुढच्या वर्षीचे बीही. आमच्या पिढीच्या आया बी राखेत घालून ठेवत, त्याला छदामही लागत नसे.

हॉवर्ड आणि वाड यांनी पद्धतीला शास्त्राचा आधार दिला, मोजमाप दिले. पण तिचे भांडवल तुमच्या-आमच्या दारात रोज सकाळी केरसुणीने गोळा होते. उद्या तो केर घंटागाडीत टाकण्याआधी एकदा निरखून पाहा.